स्थावर आणि भाग : मुंबईतील मध्यमवर्गीय संपत्तीच्या दोन वाटांचा इतिहास

१

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात शिलकेचा विषय निघाला की दोन मते हटकून पुढे येतात. एक मत असे की, स्वतःचे घर हीच खरी संपत्ती. बाकी सारे कागद. दुसरे मत असे की, घर हे राहण्यासाठी असते. द्रव्य वाढवावयाचे असेल तर ते चांगल्या कंपन्यांच्या भागांत घालून दीर्घ काळ विसरून जावे. हा वाद बहुधा आकड्यांवर चालतो. अमुक साली घेतलेली जागा आज कितीस जाते आणि तितकीच रक्कम त्याच साली शेअर-बाजारात घातली असती तर ती आज किती झाली असती, असा हिशेब मांडला जातो व ज्याचा आकडा मोठा त्याचा पक्ष खरा ठरतो.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. घर म्हणजे काय आणि भाग म्हणजे काय, हे जणू कायमचे ठरून गेले आहे, आणि काळाच्या ओघात बदलतो तो केवळ त्यांचा भाव, असे ते गृहीत होय. मुंबई शहराचा गेल्या सुमारे १६० वर्षांचा इतिहास पाहिला तर हे गृहीत टिकत नाही. घराचा टिकाऊपणा आणि भागाची चंचलता हे त्या वस्तूंचे अंगभूत धर्म नव्हेत. कायदा, पतपुरवठा आणि संस्था यांनी ते वेळोवेळी घडविले व मोडले आहेत, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. एकाच पिढीत एकाच घराने मालकास बुडविले आणि भाडेकरूस तारले. एकाच गिरणीचा भाग कापडाच्या हिशेबाने मेला आणि जमिनीच्या हिशेबाने जिवंत झाला. ही उदाहरणे अपवादात्मक नाहीत. या शहरातील संपत्तीचा मुख्य इतिहास त्यांतच साठवलेला आहे.

२

आरंभी शब्दांचा थोडा विचार करणे इष्ट होईल; कारण या वादातील बरेचसे बळ शब्दांनीच पुरविलेले आहे. संपत्तीचे स्थावर आणि जंगम असे दोन वर्ग आपल्या धर्मशास्त्रात प्राचीन काळापासून केलेले आहेत. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणी येथे विज्ञानेश्वराने रचलेल्या ‘मिताक्षरा’ टीकेत रत्ने, मोती, पोवळी यांसारख्या जंगम वस्तूंच्या बाबतीत पित्यास बरीच मोकळीक दिली असून स्थावराच्या विनियोगात मात्र पुत्रांच्या संमतीची मर्यादा घातलेली आहे. अर्थात ‘स्थावर’ या संज्ञेत वस्तूचे न हलणे जितके अभिप्रेत आहे, तितकेच ती कुटुंबाच्या हातून न हलू देणेही अभिप्रेत आहे. स्थावर स्थिर राहते ते नियमाच्या बंधनाने.

मराठेशाहीतील ‘मिरास’ हा शब्दही असाच बोलका आहे. वारसा या अर्थाच्या अरबी शब्दापासून तो आला. गावातील मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा. उपऱ्याचा तसा नव्हे. गाव सोडून गेलेला मिरासदार कित्येक वर्षांनी परत येऊन आपली जमीन मागू शकत असे. परंतु या मानाबरोबर साऱ्याची जबाबदारीही त्याच्याच शिरावर असे. दुष्काळी वर्षी उपरी दुसरे गाव धरू शके, मिरासदारास ते तितके सोपे नव्हते. मालकी ही ठेव आहे तसेच ओझेही आहे, ही जाणीव त्या व्यवस्थेत होती.

याउलट बाजाराची परिभाषा पाहावी. तेजी, मंदी, सट्टा, दलाल हे शब्द आपल्या लोकव्यवहारात काहीशा संशयानेच उच्चारले जातात. ‘भाग’ हा शब्द संस्कृत व सोज्ज्वळ खरा, परंतु बोलण्यात ‘शेअर’ हाच रुळला, आणि त्याच्या जोडीस ‘शेअर खेळणे’ हा प्रयोगही रूढ झाला. घर आपण बांधतो, घेतो, करतो, शेअर खेळतो. या दोहोंवर छत्र धरणारा शब्द ‘गुंतवणूक’. गुंतणे म्हणजे अडकणे; सूत गुंतते, मन गुंतते, पाय गुंततो. पैसा गुंतविला म्हणजे तो सहज सुटणार नाही अशा जागी ठेवला, ही अर्थच्छटा या शब्दात मुळापासून आहे. दीर्घ मुदतीच्या संपत्तीचा विचार करताना हीच छटा सर्वांत उपयोगी पडते, हे पुढे दिसून येईल.

३

मुंबईतील भागांचा पहिला मोठा उन्माद १८६४-६५ चा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाचे भाव भडकले. मुंबईत अकस्मात येऊन पडलेल्या या पैशास वाट हवी होती. १८५७ च्या कायद्याने कंपन्यांच्या भागधारकांची जबाबदारी मर्यादित करण्याची सोय झाली होती आणि १८६० मध्ये ती बँकांनाही लागू झाली होती. त्यामुळे नव्या कंपन्या व बँका भराभर निघाल्या. या घडामोडींच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद हे व्यापारी होते.

येथे जी गोष्ट सामान्यतः दृष्टीआड होते ती अशी की, त्या उन्मादाचा सर्वांत मोठा विषय जमीन हाच होता. बॅक बे रेक्लमेशन कंपनी समुद्र हटवून जमीन करणार होती. तिचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० रुपयांपर्यंत चढला आणि पडझडीनंतर २,००० रुपयांच्याही खाली आला, असे नमूद आहे. बँक ऑफ बॉम्बेने भागांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली होती. तिचा स्वतःचा भाग २,८५० रुपयांवरून ८७ रुपयांवर उतरला आणि १८६८ मध्ये ती बँक मोडली. दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या आर्थिक इतिहासावरील पुस्तकात या साऱ्याचे वर्णन केले आहे.

तेव्हा १८६५ मध्ये जे बुडाले ते ‘चंचल भाग’ होते की ‘स्थिर जमीन’? उत्तर दोन्हीही नव्हे. बुडाली ती अद्याप अस्तित्वात न आलेल्या जमिनीवर उसन्या पैशाने लावलेली बोली. बॅक बेच्या भरणीचे काम पुन्हा हाती घेण्यात आले ते १९२० च्या दशकात, आणि मरीन ड्राइव्हचा रस्ता दिसू लागला तो त्यानंतर. म्हणजे १८६४ साली ज्या जमिनीचे भाग विकले गेले, तिच्यातील काही जमीन प्रत्यक्ष पाहावयास दोन पिढ्या लागल्या. दीर्घ मुदत म्हणजे किती दीर्घ, हा प्रश्न त्या भागधारकांस कोणी विचारला नव्हता.

या अनुभवातून दलालांची संघटना उभी राहिली. ९ जुलै १८७५ रोजी स्थापन झालेली ही संघटना म्हणजेच पुढील मुंबई शेअर-बाजार. १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीचे भाग मुंबईत विक्रीस निघाले तेव्हा सुमारे ८,००० हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत ते उचलले. ‘शेअर म्हणजे जुगार’ या समजुतीस येथे पहिला ठळक अपवाद मिळाला. परंतु तो स्वदेशीच्या भावनेवर उभा होता आणि पगारदार वर्गापर्यंत तो फारसा झिरपला नाही.

४

पगारदार वर्गाचे लक्ष राहत्या जागेकडे होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहतींची आखणी झाली. १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. इमारत संस्थेच्या मालकीची. सभासदाने संस्थेचे भाग घ्यावयाचे आणि त्या नात्याने जागेत राहावयाचे, अशी तिची रचना होती. घर मिळविण्याचा मार्ग भागातून जातो, ही मुंबईची वैशिष्ट्यपूर्ण पद्धत येथून सुरू झाली. तिचा विचार पुढे पुन्हा करू.

बहुसंख्य लोक मात्र भाड्याच्या खोल्यांत, चाळींत राहत होते. त्यांच्या इतिहासास कलाटणी दिली ती भाडेनियंत्रणाने. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, असे निर्बंध प्रथम आले. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा निर्णायक ठरला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण मानून त्या पातळीवर भाडी बांधली गेली आणि भाडेकरूस घराबाहेर काढणे दुष्कर झाले. युद्धोत्तर टंचाई आणि फाळणीनंतरचे निर्वासितांचे लोंढे पाहता हा कायदा आवश्यकच होता. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा निर्बंध मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला.

त्याचा परिणाम घराच्या ‘संपत्ती’पणावर काय झाला, हे पाहण्यासारखे आहे. समजा, १९४० साली एका खोलीचे भाडे २० रुपये होते. त्यानंतरच्या ५० वर्षांत पगार, धान्य, गवंड्याची मजुरी, चुना-सिमेंट सारे अनेक पटींनी वाढले. भाडे जवळजवळ तेथेच राहिले. मालकास दुरुस्ती परवडेना. त्याने ती टाकली. इमारती जीर्ण होऊन पावसाळ्यात कोसळू लागल्या. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन करावे लागले व सुमारे १९,६०० जुन्या इमारती उपकराच्या कक्षेत आल्या. कागदोपत्री मालक असलेल्या मनुष्याजवळ स्थावर होते, उत्पन्न नव्हते. भाडेकरूजवळ मालकी नव्हती, पण उपभोग होता, आणि तो वारसांकडेही जाई.

बाजाराने या विसंगतीवर ‘पागडी’चा तोडगा काढला. शिरावरील मानाचे वस्त्र दर्शविणारा हा शब्द भाडेकरूच्या हक्कासाठी हातोहात दिल्या जाणाऱ्या रकमेस लागला. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे गुन्हा ठरविला होता, तरी व्यवहार उघड गुपित म्हणून चालू राहिला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाड्याचे हे गोठवलेपण आता समर्थनीय राहिले नाही असे म्हटले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने वार्षिक ४ टक्के वाढीची तरतूद केली आणि पागडीसही मान्यता दिली. अर्धशतकभर जी वस्तू धड स्थावरही नव्हती आणि जंगमही नव्हती, तिला अखेर कायद्याच्या पुस्तकात नाव मिळाले.

५

आता भागांच्या बाजूचा तोच काळ पाहू. १९६४ मध्ये युनिट ट्रस्टने आपली पहिली योजना काढली. ज्यास बाजार कळत नाही अशा लहान बचतदारास भागांच्या उत्पन्नात सहभागी करून घेणे, हा तिचा उद्देश. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने अनेक विदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत उतरवावा लागला आणि त्यांचे भाग शासकीय नियंत्रकाने ठरविलेल्या मर्यादित किमतीस सामान्य लोकांस मिळाले. १९७७ मध्ये रिलायन्सचे भाग विक्रीस आले. या वर्षांत असंख्य कुटुंबांनी पहिल्यांदा भागपत्र हाती धरले. येथेही कायद्याचेच काम दिसते. घराच्या बाबतीत शासनाने भाडे दाबून भाडेकरूस लाभ दिला. भागांच्या बाबतीत विक्रीची किंमत दाबून लहान अर्जदारास लाभ दिला. दोन्ही ठिकाणी जुन्या मालकाकडून नव्या धारकाकडे मूल्य सरकले.

मुंबई शेअर-बाजाराच्या निर्देशांकात १९७८-७९ हे वर्ष १०० मानले आहे. जुलै २०२४ मध्ये त्याने ८०,००० ची पातळी प्रथम ओलांडली. म्हणजे सुमारे ४५ वर्षांत ८०० पट; चक्रवाढीने दरसाल सुमारे १६ टक्के, आणि यात लाभांश धरलेला नाही. आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु त्याच्या पोटात शिरून पाहिले पाहिजे. २२ एप्रिल १९९२ रोजी हा निर्देशांक ४,४६७ वर होता. दुसऱ्याच दिवशी रोखे-घोटाळ्याची बातमी प्रसिद्ध झाली. एप्रिल २००३ मध्ये, म्हणजे ११ वर्षांनी, तो ३,००० च्या खाली होता. दरम्यान, जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टच्या त्या पहिल्या योजनेतील पुनर्खरेदी थांबविण्यात आली. बँकेतील ठेवीइतकी निर्धोक समजून तीत पैसे ठेवणाऱ्या सुमारे २ कोटी धारकांस धक्का बसला. १९९२ साली निवृत्त होऊन सारी पुंजी बाजारात घालणाऱ्या गृहस्थास ४५ वर्षांची सरासरी सांगणे व्यर्थ होते. त्याच्या आयुष्यात ती सरासरी आलीच नाही.

दुसरी गोष्ट अशी की, निर्देशांक म्हणजे कोणा एका धारकाची तिजोरी नव्हे. जी कंपनी खालावते तिला त्यातून काढून नवी घेतली जाते. माणसाच्या पेटीतील भागपत्र मात्र आपोआप बदलत नाही. मुंबईच्या कापड-गिरण्या हे याचे उत्तम उदाहरण. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर कित्येक गिरण्या पुन्हा सावरल्या नाहीत. त्यांचे भाग कापड-धंद्याच्या दृष्टीने निर्माल्य झाले. पण गिरण्यांखाली मध्य मुंबईतील सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियमावलीने ती विकसित करण्याची वाट मोकळी केली, २००१ च्या दुरुस्तीने मालकांच्या वाट्यास येणारी जमीन वाढविली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. ज्यांनी मधल्या काळात तोटा सोसून भाग विकले त्यांस यातले काही मिळाले नाही. आणि गिरणगावातील कामगार, ज्याच्या हाती ना भाग होता ना घराची मालकी, त्यास पुढे २०१२ पासून सोडतीत नाव निघण्याची वाट पाहावी लागली.

घरांचे भावही सदैव चढतेच राहिले, असे नव्हे. १९९५-९६ च्या उच्चांकानंतर मुंबईतील घरांच्या किमती उतरल्या आणि कित्येक वर्षे दबून राहिल्या. पण ही घसरण शेअर-बाजाराच्या घसरणीप्रमाणे लोकस्मृतीत राहिली नाही. त्याचे कारण असे की, राहत्या घराचा भाव रोज सकाळी कोणी छापत नाही. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा घरांच्या किमतींचा निर्देशांक २००७ मध्ये सुरू झाला. तोवर घरमालकास आपले नुकसान मोजण्याचे साधनच नव्हते. जे मोजले जात नाही ते स्थिर भासते. शिवाय घर विकण्यास महिने लागतात, भाग एका क्षणात विकला जातो. घर पैशास गुंतवून ठेवते. भीतीच्या दिवशी तो सुटू देत नाही. घराने अनेक कुटुंबांस तारले ते त्याच्या भावाने जितके, तितकेच या अडकवून ठेवण्याच्या गुणाने.

६

या दोन वाटांची दीर्घकालीन तुलना अन्यत्रही झालेली आहे. युरोप, अमेरिका, जपान इत्यादी १६ देशांचा १८७० ते २०१५ या काळाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. महागाई वजा जाता घरे आणि भाग या दोहोंनीही दरसाल सुमारे ७ टक्के उत्पन्न दिले, आणि घरांच्या उत्पन्नात चढउतार कमी होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. परंतु घरांच्या त्या उत्पन्नापैकी सुमारे निम्मा वाटा भाड्याचा, अथवा स्वतः राहिल्यास वाचलेल्या भाड्याचा आहे. मुंबईत नेमका हाच वाटा कायद्याने अर्धशतकभर मालकाकडून काढून भाडेकरूकडे दिला होता. म्हणून परदेशातील सरासरी येथे जशीच्या तशी आणून लावणे इतिहासदृष्ट्या सदोष ठरते. तसेच देशाची सरासरी म्हणजे एका माणसाचे एक घर नव्हे. त्या घरास गळती लागते, शेजारी कज्जा होतो, वारसांत वाटणीचा दावा उभा राहतो.

मुंबईचे खरे वैशिष्ट्य मात्र याहून निराळे आहे. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा यांच्यामुळे ‘मालकी हक्काचा ब्लॉक’ ही गोष्ट सर्वसामान्य झाली. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी गृहकर्ज देणारी कंपनी काढली. ते पूर्वी एका शेअर-दलालीच्या पेढीत काम केलेले गृहस्थ होते, आणि कंपनीचे भांडवलही भाग विकूनच उभे राहिले. आणि अशा रीतीने घेतलेल्या घराचा पुरावा म्हणून सदनिकाधारकाच्या कपाटात जे असते, ते काय? संस्थेचे भागपत्र, बहुतेक ठिकाणी ५० रुपयांचे पाच किंवा दहा भाग. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा भागांशी निगडित असलेला राहण्याचा हक्क ही जप्ती व विक्रीस पात्र अशी मिळकत आहे असा निर्णय दिला. खालची जमीन कित्येक ठिकाणी अद्याप विकासकाच्याच नावावर असते; अभिहस्तांतरण व्हावयाचे राहिलेले असते. म्हणजे ‘शेअर नको, घर हवे’ असे म्हणणाऱ्या मुंबईकराच्या हाती अखेर पडतो तो शेअरच. फरक इतकाच की, त्याच्या मागे चार भिंती आणि एक संस्था उभी असते.

२०१७ च्या एका समितीने रिझर्व्ह बँकेस सादर केलेल्या अहवालानुसार सरासरी भारतीय कुटुंबाची ७७ टक्के मालमत्ता स्थावरात, ११ टक्के सोन्यात आणि केवळ ५ टक्के वित्तीय साधनांत होती. या आकड्यांवरून आपला समाज अडाणी किंवा भित्रा आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई काही अभ्यासक करतात. ज्या कुटुंबाने १८६५ च्या कथा ऐकल्या, १९९२ पाहिले आणि २००१ सोसले, त्याने भिंतीवर विश्वास ठेवला तर त्यास अडाणी म्हणता येणार नाही. परंतु त्याच कुटुंबाने गिरगावातील कोसळलेली इमारत आणि २० रुपये भाड्याचा मालकही पाहिलेला असतो. ते स्मरण मात्र ‘स्थावर’ या शब्दाच्या छायेत झाकले जाते.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने ‘कोणाचा भाव अधिक वाढला?’ या प्रश्नापाशी थांबू नये. प्रवेशाचा हक्क कोणास होता, उसना पैसा कोणी घेतला, उत्पन्न कोणाकडे गेले, नियम मध्येच बदलला तेव्हा कोण आत होते व कोण बाहेर पडले होते, हे प्रश्न विचारल्यावाचून आकडे बोलत नाहीत. घर किंवा भाग घेणारा मनुष्य वस्तूइतकाच तिच्याभोवतीचा कायदाही विकत घेत असतो, आणि तो कायदा पुढील ४० वर्षे तसाच राहील असे कोणत्याही खरेदीखतात लिहिलेले नसते. ज्या गावाने मिरासदार आणि उपरी यांतला फरक केला होता, त्यास हे ठाऊक होते.